बारशाची ‘बोहदान’ फ्रेम: काम चोख, मजकूर कच्चा

बडोद्यात रावपुऱ्यातला एक फ्रेमवाला बारशासाठी नावाची फ्रेम करून देतो: नाव देवनागरीत आणि मूळ लिपीत, खाली अर्थ आणि चार ओळींचा इतिहास. ‘बोहदान’ या युक्रेनी नावाची ए-थ्री आकाराची फ्रेम १,४०० रुपयांना पडली.

काम खरंच सुरेख आहे. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), शाई पिगमेंटची, त्यामुळे रंग लवकर उडणार नाही. काच कागदाला टेकत नाही, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) आहे. हे महत्त्वाचं, कारण पावसाळ्यात टेकलेली काच दमटपणाने कागदाला चिकटते आणि बुरशीचे ठिपके पडतात. मागची बाजूही टेपने नीट बंद केलीय. हूक मात्र एकच आहे. एवढ्या वजनाला दोन हवेत, ते मागून घ्या.

खरी अडचण मजकुराची. पहिल्या प्रूफमध्ये (तपासायच्या नमुना प्रतीत) ‘बोगदान’ आलं होतं. रशियन, पोलिश, सर्बियन घरांत ते बरोबर. युक्रेनी आणि चेक उच्चारात मात्र ‘ह’ आहे. रशियन ‘ग’ आणि युक्रेनी ‘ह’ यांचं लिपीतलं अक्षर एकच असल्याने गफलत होते, म्हणून कुटुंबाची भाषा आधीच सांगा.

अर्थ छापला होता ‘देवाचं दान’. ‘बोह’ किंवा ‘बोग’ म्हणजे देव, आणि इथला ‘दान’ म्हणजे दिलेला, आपल्या ‘दत्त’सारखा. म्हणून बोहदान म्हणजे सरळ देवदत्त. ‘देवाची भेट’ हवी असेल तर ते बोझिदार, वेगळं नाव. ‘बोग’चा जुना अर्थ वाटा, संपत्ती असाही होता, पोलिशमध्ये ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत, ‘उबोगी’ म्हणजे गरीब. संस्कृत ‘भग’ (‘भगवान’मधला, म्हणजे ऐश्वर्य) याच कुळातला. मराठी घरात टांगायच्या फ्रेमवर ही ओळ असायलाच हवी.

इतिहासाच्या ओळीत हे नाव बाप्तिस्म्याचं, म्हणजे चर्चच्या विधीत ठेवलेलं, म्हणून दिलं होतं. तिथेही घोळ आहे. १६४८च्या कोसॅक (युक्रेनमधले लढवय्ये) उठावाचा नेता बोहदान ख्मेल्नित्स्की याचं बाप्तिस्म्याचं नाव झिनोवी होतं. बोहदान हे त्याच्या जोडीचं स्लाव्ह (युक्रेनी, रशियन, पोलिश या भाषाकुळातलं) नाव. हे नाव शेजारी मोल्दावियातही (आजच्या रोमानिया-मोल्दोवाच्या भागात) पोचलं: तिथे १३५९ नंतर पहिला बोगदान राज्यावर आला, आणि ऑटोमन तुर्क त्या प्रदेशालाच बोगदान म्हणत.

अक्षरांचं तिरपं (इटॅलिक) वळण निवडू नका. त्यात सिरिलिकचं (युक्रेनी-रशियन लिपीचं) छोटं ‘द’ इंग्रजी ‘जी’सारखं आणि ‘ग’ उलट्या ‘एस’सारखं दिसतं, आजी-आजोबांना छपाईचीच चूक वाटेल. फॉन्टमध्ये सिरिलिक आहे का, हेही विचारा. नसेल तर संगणक परस्पर दुसरा फॉन्ट घालतो आणि एकाच ओळीत जाड-बारीक अक्षरं येतात.

मालक दुरुस्त्या मनापासून करतात, दोन प्रूफ फुकट. मजकूर फोटो काढून पाठवू नका, युनिकोडमध्ये टाइप करून द्या. हाताने लिहिलेलं सिरिलिक तिथे कुणाला वाचता येत नाही.