कूलिंग जॅकेट, अडीच महिने वापरून: गारवा चांगला, वेल्क्रो भिकार

आधीच सांगून टाकतो, मी अस्वल आहे. मुंबईतल्या एका अम्युझमेंट पार्कात. नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे. सहा वर्षं झाली, तपकिरी फरच्या खोळीत शिरतो, पोरांना हात हलवतो, वाढदिवसाच्या केकशेजारी उभा राहतो. हे जॅकेट म्हणजे छाती-पाठीवर गोठवलेले पॅक धरून ठेवणारं, बाजूने वेल्क्रोने बांधायचं. त्याबद्दल जिमवाल्यांनी आणि बाइकवाल्यांनी जे लिहिलंय ते त्यांच्या जागी बरोबर असेल. माझा वापर जरा वेगळा आहे.

लिहायला बसलो ते गेल्या रविवारमुळे. मे महिना, शाळांना सुट्ट्या, दुपारचे साडेबारा. कारंज्यापाशी फोटोची रांग. चारेक वर्षांचा एक मुलगा मिठी मारायला आला आणि आतून कर्रर्र आवाज झाला. डाव्या बाजूचा वेल्क्रो सुटला होता. पाठीचे दोन पॅक घसरून थेट कमरेखाली. बाहेरून काय दिसलं ते हँडलरने, म्हणजे माझ्यासोबत फिरणाऱ्या मदतनिसाने, नंतर सांगितलं: अस्वलाला शेपटीच्या जागी दोन गळवं आली. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. त्याची आजी म्हणाली, ‘अगं बाई, याला काय झालं?’ मला उत्तर देता येईना, कारण अस्वलाने बोलायचं नाही हा नियम आहे. हँडलरच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. दोन थापा म्हणजे मला बाहेर काढ.

स्पेसिफिकेशन सगळ्यांनी वाचलंच असेल, परत लिहीत बसत नाही. मी घेतलं ते 21 अंशांच्या पॅकवालं, 3,400 रुपयांना, स्वतःच्या खिशातून. पाण्यात भिजवायचं जॅकेट स्वस्त मिळतं म्हणून कोणी त्या वाटेला जाऊ नका. आमच्या एका लाइफगार्डकडे तसलं आहे, मी एक दिवस खोळीखाली घालून पाहिलं. पाणी उडून जातं तेव्हा अंग गार होतं, असा त्याचा हिशेब. नागपूर-जळगावकडे चालत असेल. मुंबईत मे महिन्यात दोरीवरचा टॉवेल दिवसभर वाळत नाही, आणि फरच्या आत वाऱ्याचा तर प्रश्नच नाही. मोदकपात्रात ठेवलेल्या अळुवडीसारखं झालं माझं.

या पॅकचं तसं नाही. आतला पदार्थ 21 अंशांना वितळतो आणि पुरता वितळेपर्यंत 21 वरच टिकतो. अंगाची उष्णता तो ओढून घेतो, घाम वाळो न वाळो. बर्फासारखा चटकाही बसत नाही. गोठलेला पॅक खोबऱ्याच्या वडीसारखा पांढरा असतो, वितळला की पाण्यासारखा आरपार दिसतो. कंपनी एक मात्र लिहीत नाही: आपल्याकडच्या दमट हवेत पॅकलाच बाहेरून घाम फुटतो. आतला टी-शर्ट त्याने भिजतो. पण तो तसाही भिजणारच असतो.

पहिल्या दिवशी मी खूश होतो. मार्चची सुरुवात. राउंड संपवून हेड, म्हणजे अस्वलाचं डोकं, काढलं, हँडलर नेहमीसारखा पाण्याची बाटली घेऊन धावत आला, आणि मी म्हटलं, ‘थांब रे, आधी चहा सांग.’ सहा वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. एरवी हेड काढलं की पहिली दोन मिनिटं मी फक्त बसतो. कोणी नाव विचारलं तरी सांगता येत नाही. हेडमध्ये अस्वलाच्या तोंडाच्या जाळीतून बघायचं आणि तिथूनच श्वास घ्यायचा, त्यामुळे डोक्याला या जॅकेटचा उपयोग शून्य. पण छाती-पाठ गार राहिली की डोकंही बरंच सहन करतं, हे नव्याने कळलं.

आता वजाबाकी. एक, वजन. पॅकसकट दोन किलो, वर खोळ. याचं मला फार वाटत नाही. दोन, गोठायला लागणारा वेळ. कंपनी म्हणते बर्फाच्या पाण्यात अर्धा तास. आइस्क्रीम काउंटरचा डीप फ्रीझर मागून पाहिला, तिथला मुलगा म्हणाला, ‘दादा, तुझ्या घामाचा वास कुल्फीला लागेल.’ मग ज्यूसवाल्याकडून बर्फ आणि एक बादली. बादलीत पाऊण तास जातो, कारण बर्फ आधी उन्हाशी भांडतो आणि उरलेला पॅकशी. यासाठी एक स्टार कापला आहे.

तीन, वेल्क्रो. यासाठी मी दीड स्टार कापला आहे आणि जास्त कापता आला असता तर कापला असता.

वेल्क्रोची एक बाजू मऊ, एक खरखरीत. खरखरीत बाजूला बारीक आकडे असतात, ते मऊ बाजूच्या धाग्यांत अडकतात. त्या आकड्यांना अस्वलाचा फर दिसला की ते मऊ बाजूला विसरतात. आठवड्याभरात पट्टीवर तपकिरी गालिचा तयार झाला. मी जुन्या कंगव्याने काढला. मग सुईने काढला. मग बायकोने भुवयांचा चिमटा दिला आणि दुसऱ्या दिवशी परत मागितला. रोज रात्री कळव्याला घरी पोचलो की जेवण झाल्यावर मी टीव्हीसमोर बसून वेल्क्रोतले केस उपटतोय, हे चित्र अडीच महिने आमच्या घरात आहे. 3,400 रुपयांच्या वस्तूला चार रुपयांची पट्टी लावायची? बाजूला दोन बक्कल दिली असती तर काय बिघडलं असतं? शाळेच्या दप्तराला देतात ना!

कस्टमर केअरला फोन केला. फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, खोका उघडतानाचा व्हिडिओ आहे का. अडीच महिन्यांपूर्वीचा खोका! मग फोटो बघून बाई म्हणाल्या, ‘सर, पट्टीत केस आहेत. आपल्या घरी पाळीव प्राणी आहे का?’ मी म्हटलं, मॅडम, मीच आहे. त्यांनी फोन होल्डवर टाकला. दोन दिवसांनी मेल आला की प्राण्यांच्या केसांमुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही.

हे झालं जॅकेटचं. पण ते घेतल्यामुळे जे झालं ते कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून लिहितो.

आमची पद्धत वीस-चाळीस. वीस मिनिटं खोळीत, चाळीस बाहेर. लेखी नाही, पण माझ्या आधीच्या अस्वलापासून चालत आलेली. जॅकेट घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला राउंडनंतर चहा पिताना पाहिलं. हसत म्हणाले, ‘अरे वा, एसी बसवून घेतलास.’ एप्रिलपासून माझं वेळापत्रक चाळीस-वीस झालं. आकडे तेच, फक्त उलटे.

वीस मिनिटांत पॅक गोठत नाहीत, हे वर लिहिलंच आहे. म्हणजे दुसऱ्या राउंडला मी दोन किलो कोमट पाणी छातीला बांधून निघायचो. जॅकेट काढून जावं तर चाळीस मिनिटं नुसत्या खोळीत. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूने माझी सुट्टी खाल्ली.

साहेब माणूस वाईट नाहीत, पण त्यांना आकडा लागतो. खारघरला 16 एप्रिल 2023 च्या कार्यक्रमात उन्हाने 14 माणसं गेली, त्यानंतर आमच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी ब्रेक वाढवून मिळेल. वाचायला छान. आता गंमत बघा. किनारपट्टीला लाट म्हणायची तर पारा निदान 37 वर हवा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर हवा. मुंबईत असा पारा चढतो तो बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये, पूर्वेकडून कोरडा वारा येतो आणि खारे वारे दुपारपर्यंत सुटत नाहीत तेव्हा. सांताक्रूझला मार्चमधला उच्चांक 41.7 आहे, 28 मार्च 1956 चा. पण त्या दिवसांत हवा कोरडी असते, निदान हेड काढल्यावर घाम वाळतो. मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीस, हवा दमट, हेड काढलं तरी घाम जागचा हलत नाही. खरी वाट तेव्हा लागते. आणि तेव्हा इशारा नसतो, म्हणजे जादा ब्रेकही नसतो. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग विदर्भातल्या माणसांनी काय करायचं?’ शिवाय कायदा आहेच त्यांच्याकडे. दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा झाला तेव्हा त्यात लिहिलं होतं की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. साहेब म्हणतात आपण त्याच्या कितीतरी पुढे आहोत. काउंटरमागे बसलेल्या माणसाच्या हिशेबाने आहोतच.

बाकीच्यांचं पण सांगायला हवं, उगाच मी एकटाच पोळतो असं नको. छोट्या ट्रेनच्या ऑपरेटरला छप्पर नाही, त्याने कंट्रोल पॅनलला छत्री बांधली आहे आणि सूर्याबरोबर ती फिरवतो. ब्रेक डान्स राइडच्या लोखंडी पायऱ्यांवर दर तासाला बादलीभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर पोरं अनवाणी नाचतात. कॅन्टीनच्या मावशी लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळून ठेवतात, चमचे चहाचे, सपाट. पूर्वी खोक्यातलं गोड सरबत यायचं, वर ‘ओआरएस’ लिहिलेलं. असल्या पेयांना ते नाव लावायला अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी केली. मावशी म्हणाल्या, ‘मी कधीपासून सांगतेय, ते नुसतं सरबत आहे.’

तूर्त पाचपैकी अडीच स्टार.

अपडेट, 29 मे

वेल्क्रो गेला. पुरता. स्टेशनबाहेरच्या अल्टरेशनवाल्या काकांकडे जॅकेट नेलं. त्यांनी पट्टी दोन बोटांत धरली, नाकापाशी नेली, आणि विचारलं, ‘कुत्रा कुठला आहे?’ दोन्ही बाजूंची पट्टी उसवून त्यांनी परकराची नाडी ओवून दिली, चार ठिकाणी. 80 रुपये. आता गाठ मारायला हँडलर लागतो, पण सुटत नाही. काल एका मुलाने पोटावर गुद्दे मारून पाहिलं, हललं नाही.

दुसरं असं की साहेबांकडे जाऊन मी रडलो नाही, बादली घेऊन गेलो. वीस मिनिटं झाली होती, राउंडला निघायची वेळ. पॅक बाहेर काढून टेबलावर ठेवला. कडेला पांढरा, मध्ये पाणी. म्हटलं, ‘साहेब, अजून चार्ज झालं नाही.’ हा ‘चार्ज’ शब्द मला आयत्या वेळी सुचला, त्याबद्दल माझा मलाच अभिमान आहे. मोबाइल अर्धवट चार्ज असताना काढू नये हे त्यांना पटतं. त्यांनी पॅक दाबून पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाले, ‘किती वेळ लागतो पूर्ण व्हायला?’ म्हटलं पाऊण तास. ‘मग पांढरं होईपर्यंत थांब. अर्धवट नेऊन परत मध्ये सुटलं-बिटलं तर गेस्टसमोर तमाशा.’

आता माझं वेळापत्रक पंचवीस-पंचेचाळीस आहे. ट्रेनचा ऑपरेटर येता-जाता विचारतो, ‘झालं का पांढरं?’

गोठायला वेळ लागतो म्हणून कापलेला स्टार परत दिला. साडेतीन. वेल्क्रोचा दीड काही झालं तरी देणार नाही.

अपडेट, 17 जून

खालच्या प्रतिक्रियांत तिघांनी सुचवलंय की पॅकचा दुसरा सेट 1,300 ला मिळतो, एक बादलीत आणि एक अंगावर, म्हणजे थांबायलाच नको. भावांनो, तुम्ही क्रिकेट खेळता. तुम्हाला मैदान सोडायचं नसतं. नोकरीवर वापरणार असाल तर दुसरा सेट चुकूनही घेऊ नका.

कंपनीने हा रिव्ह्यू वाचला बहुतेक. परवा फोन आला, त्याच बाई होत्या, आवाजावरून ओळखलं. गैरसोयीबद्दल क्षमस्व, वेल्क्रो बदलून देता येत नाही पण सदिच्छा म्हणून काहीतरी पाठवतोय. काल कुरिअर आला. नशीब, पत्ता पार्कचा नाही, घरचा दिला होता. खोका उघडला, आत पॅकचा नवाकोरा दुसरा सेट. फुकट.

परत चिकटवून माळ्यावर टाकलाय, गणपतीच्या मखराच्या मागे. बायको म्हणते विकून टाक, हजार तरी येतील. विकायला ठेवला आणि आमच्या पार्कातल्या कोणी बघितला तर?