दोन मीटर बँडच्या रेडिओ अँटेनाचं सामान, तपकीर गल्ली: पाचपैकी साडेतीन

एकतीस वर्षं महावितरणमध्ये वायरमन होतो. तारेचं काम आपल्याला कोणी शिकवायला नको, हा ताठा बुधवार पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानात उतरला.

निवृत्तीनंतर हौशी रेडिओची परीक्षा दिली, व्हीयू३ची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळाली. पण हातातल्या सेटच्या रबरी शेंडीवर, म्हणजे छोट्या अँटेनावर, खरखरीपलीकडे काही येईना. म्हणून घरीच क्वार्टर वेव्ह, म्हणजे पाव तरंगलांबीची, ग्राउंड प्लेन अँटेना करायचं ठरवलं. एक काडी उभी, चार काड्या खाली तिरक्या. पंचेचाळीस अंशांत वाकवल्या की जुळणी साधारण ५० ओहमला येते, सेटला तीच लागते. आडव्याच ठेवल्या तर ३६च्या आसपास अडकते.

गाडी शनिवारवाड्याकडे लावून चालत जा, गल्लीत सायकलसुद्धा मावत नाही. गल्ल्यावरच्या आजोबांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "किती मेगाहर्ट्झ?" म्हटलं, १४५, दोन मीटरचा बँड. केबल नको, घरी डिशची उरलीय.

"ती पंचाहत्तर ओहमची, काका. आणि जाळी ॲल्युमिनियमची. कथिल धरेल का?"

हे मला कळायला हवं होतं! गुपचूप ५० ओहमची आरजी-५८ केबल मागितली, दहा मीटर. तर म्हणाले, सेट कुठे ठेवणार? गॅलरीशेजारी म्हटल्यावर पाचच मीटर कापून दिली. या बँडवर दहा मीटर आरजी-५८ जवळजवळ तिसरा हिस्सा शक्ती स्वतःच खाते. स्वतःचं गिऱ्हाईक असं निम्म्यावर आणणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता. काड्यांसाठी दोन मिलिमीटरची पितळी सळई दिली आणि काड्या ज्यावर बसतात त्या एसओ-२३९ सॉकेटच्या चार भोकांसाठी तीन मिलिमीटरचे नटबोल्ट. "तिथे डाग देत बसू नका, सॉकेट सगळी उष्णता ओढून घेतं."

इथवर पाच तारे.

दीड तारा कापला तो केबलच्या टोकाला लागणाऱ्या पीएल-२५९ प्लगमुळे. काउंटरवरच्या पोराने बरणीतून काढून दिला, मी बघितलाही नाही. रात्री जाळीला डाग द्यायला गेलो तर आतलं पांढरं प्लॅस्टिक मेणासारखं बसलं, मधली पिन कलली. मल्टिमीटर लावला तर अखंड बीप. सरळ शॉर्ट. दुसऱ्या दिवशी बदलून द्यायला नकार, "सोल्डर लावलेला माल परत नाही." डागाची उष्णता सोसणारा टेफ्लॉनवाला त्याच कपाटात होता, दुपटीहून महाग. आधी दाखवला असता तर घेतला असता की! तुम्ही गेलात तर टेफ्लॉनचं नाव घेऊनच मागा.

उभी काडी हिशेबाने ४९ सेंटिमीटर. मी साडेपन्नास ठेवली, कारण कापता येतं, जोडता येत नाही. मित्राचा नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं छोटं यंत्र, लावून तीन-तीन मिलिमीटर कानशीने घासत आलो. एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणीचं माप (१ म्हणजे अचूक), १.३वर आला तेव्हा बायको म्हणाली, "आता पुरे, सगळीकडे पितळेचा भुगा झालाय."

गॅलरीच्या गजाला पीव्हीसी पाइपावर बांधली. परवा संध्याकाळी अंतराळ स्थानक वरून जात असताना १४५.८२५ मेगाहर्ट्झवर सेट लावला. मिनिटभर शुकशुकाट, मग पॅकेटची, म्हणजे रेडिओवरून येणाऱ्या डेटाची, ती कर्कश चिरचिर सुरू झाली. दक्षिणेकडच्या बिल्डिंगीआड जाईपर्यंत ऐकत उभा होतो.

पुढच्या आठवड्यात चाळीस मीटर बँडच्या डायपोल अँटेनाची तार आणायची आहे, वीस मीटर. त्याच दुकानातून. या वेळी प्लग मीच निवडणार.