दगडी चर्चच्या दरजांसाठी पोत्यातला हायड्रॉलिक चुना: पैसे वसूल, पण गवंडी ऐकणारा हवा

भुसावळला रेल्वे आली १८६० च्या दशकात. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांसाठी पाठोपाठ चर्चही उभी राहिली. पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं १९१४ साली, त्यामुळे त्याआधीच्या या भिंती बहुतेक चुन्यातल्याच. तरी आज दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सर्रास सिमेंटनं भरतात. मग आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, ते आतल्या बाजूनं गिलाव्यात उतरतं आणि हातभर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो.

घाणीचा (दगडी चाकाखाली मळलेला) चुना आता दुर्मीळ. कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना पाण्यात विरवून मुरवत ठेवायला सवड नसेल, तर नॅचरल हायड्रॉलिक चुना हा चांगला पर्याय आहे. तो पाण्यानंही घट्ट होतो, नुसत्या हवेवर अवलंबून राहत नाही. ग्रेड ३.५ (NHL 3.5, मध्यम ताकदीचा) घ्या. पोत्यावर फक्त ‘हायड्रेटेड लाइम’ लिहिलं असेल तर तो माल वेगळा, सफेदीला ठीक. हायड्रॉलिक चुना सिमेंटच्या कित्येक पट महाग पडतो, हे खरं.

माप: एक घमेलं चुना, अडीच घमेली धुतलेली, चाळलेली गिरणेची वाळू. क्रश सँडमधली (दगड फोडून केलेल्या वाळूतली) भुकटी चिरा पाडते. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी खोल, छिन्नीनं खरवडायची. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा गेल्याच. धूळ झाडून पाणी मारा, पण थेंब ओघळत असताना भरू नका. काळा दगड पाणी फारसं पीत नाही आणि माल घसरतो. एका वेळी १०-१२ मिमीचाच थर. वर ओलं गोणपाट, किमान सात दिवस.

इथेच बहुतेक कामं फसतात. एप्रिल-मेच्या ४३-४४ अंशांत गोणपाट तासाभरात कोरडं होतं, दरज भुसभुशीत राहते आणि दोष चुन्याला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम.

भिंतीत तिरपी चीर असेल तर पोतं फोडूच नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो. चिरेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर आधी पन्हळी आणि पायालगतचा निचरा बघा, चुना नंतर.