गिअरसाठी ईसीएच मशीन: फिनिश झकास, पण फिल्टरने वर्षभर डोकं खाल्लं

मागच्या महिन्यात मशीन पुन्हा ट्रिप झालं आणि जाता जाता एका तयार गिअरच्या दातावर काळा डाग पाडून गेलं. म्हणून आता लिहितोच.

आमचं भोसरीत छोटं गिअर युनिट आहे. माल बहुतेक २०एमएनसीआर५ जातीच्या स्टीलचा, केस हार्डन (वरचा थर कडक) केलेला, कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी. दातांचं ग्राइंडिंग बाहेर करून घ्यायचो. त्यात वेळ जायचा, पैसे जायचे, वर अधूनमधून ग्राइंडिंग बर्न (घासताना तापून दात खराब होणं) म्हणून पार्टीकडून माल परत. या सगळ्याला कंटाळून इलेक्ट्रोकेमिकल होनिंगचं (ईसीएच) मशीन घेतलं. विकणाऱ्याने ‘एकदम लेटेस्ट’ म्हणून सांगितलं होतं. कडक केलेल्या गिअरचे दात असे फिनिश करण्याचं काम कापेलो आणि बर्तोल्यो या संशोधकांनी १९७९ सालीच मांडलेलं आहे, आणि आपल्याकडे आयआयटी इंदूरमध्ये बेव्हल (शंकूच्या आकाराच्या) गिअरवर पल्स (थांबून थांबून सोडलेला) करंट वापरून बरंच काम झालंय. असो. लेटेस्ट म्हटलं की भाव वाढवता येतो.

चांगलं ते आधी. फिनिश खरंच मिळतं. खडबडीतपणा (आरए) १.५ मायक्रॉनच्या आसपास असलेला दात दोन-तीन मिनिटांत ०.४ पर्यंत येतो, आमच्याच रफनेस टेस्टरवर. धातू मुख्यतः कापला जात नाही, मीठ-पाण्यात विजेने विरघळतो, त्यामुळे जॉब किती कडक आहे याने फरक पडत नाही आणि बर्नचा विषयच उरत नाही. हॉबिंगची (दात कापण्याची) बारीक बर, म्हणजे कडेला राहिलेली कूस, जाते. कॅथोड, म्हणजे समोरचं ऋण टोकाचं टूल, झिजत नाही. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

आता ते मीठ-पाणी गाळणारा फिल्टर. डेमोच्या वेळी वाक्य होतं, ‘साहेब, फक्त मीठ-पाणी लागतं, चालवायचा खर्च नाहीच.’ हिशेब करून बघा. १०० अँपिअर एक मिनिट चालवले, तर फॅरेडेच्या नियमाने साधारण पावणेदोन ग्रॅम लोखंड सुटतं. दातांचं एकूण क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर धरलं, तर सरासरी २२ मायक्रॉनचा थर. हे लोखंड जातं कुठे? पाण्यात हायड्रॉक्साइड होऊन. आधी हिरवट-काळं, मग तांबूस, आणि फुगून मूळ धातूच्या कितीतरी पट. कॅथोडचा वाहक थर दाताच्या आकारापेक्षा जरासा आत ठेवलेला असतो, म्हणजे दात आणि कॅथोडमधली गॅप एक मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथे एखादा कण अडकला की शॉर्ट, ठिणगी, ट्रिप. दात गेला आणि कॅथोडही पोळला.

फिल्टरचं कार्ट्रिज कंपनीचंच घ्यायचं, भाव ऐकून हेल्परचा पगार आठवतो, आणि काम जोरात असलं की आठवड्यातच चोक. वॉरंटीत बसत नाही, कारण कंझ्युमेबल. सर्व्हिसवाला आला की दर वेळी नवं कारण. आधी म्हणाला तुमचं पाणी जड आहे. आरओचं पाणी भरलं. मग म्हणाला मिठात कचरा आहे. चांगल्या प्रतीचं मीठ आणलं. मग गिअर नीट धुतलेले नाहीत. ते दोनदा धुतले. ट्रिप व्हायचं ते झालंच. तोवर माझं मत पक्कं होतं की हे मशीन कुणीही घेऊ नये. मजकुराचा मथळासुद्धा ठरवून ठेवला होता.

मग मागच्या महिन्यातल्या त्या ट्रिपनंतर आमच्या मेंटेनन्सच्या पोराने पाइपलाइन उलगडून पाहिली. फिल्टर चोक झाला की दाब वाढतो आणि बाजूचा बायपास व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, पंप वाचावा म्हणून. म्हणजे गाळ सर्वांत जास्त असतो, नेमकं तेव्हाच न गाळलेलं पाणी थेट गॅपमध्ये! मॅन्युअलमध्ये यावर अवाक्षर नाही. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे प्रेशर गेजही नाही.

बायपास बंद केला, दोन गेज लावले, दाबातला फरक वाढला की पॉवर सप्लाय आणि पंप दोन्ही बंद होतील असा प्रेशर स्विच जोडला. फिल्टरच्या आधी प्लास्टिकच्या दोन टाक्या ठेवल्या, गाळ तिथेच बसतो. सगळा खर्च दोन कार्ट्रिजच्या किमतीत. तेव्हापासून कार्ट्रिज निवांत टिकतंय आणि ट्रिप नाही. तर मत बदलतो: मशीन वाईट नाही, त्याला जोडलेली पाण्याची यंत्रणा रद्दी आहे.

बाकी किरकोळ. द्रावणात तीन भाग मीठ, एक भाग सोडियम नायट्रेट सांगितलंय. नायट्रेट महाग म्हणून कमी करून पाहिलं. काम वेगात झालं, पण दातांच्या कडा गोल व्हायला लागल्या, तेव्हा तिथे कंजुषी नको. थंडीत पहिल्या शिफ्टला गिअरचा धातू कमी निघतो. पाण्याची वाहकता तापमानाच्या अंशामागे दोनेक टक्क्यांनी बदलते, त्यामुळे हीटर हवाच. हायड्रोजन निघतो, एक्झॉस्ट बंद ठेवून चालवू नका. गिअर बाहेर काढला की लगेच धुवून रस्ट प्रिव्हेंटिव्ह, विशेषतः पावसाळ्यात. शेजारच्या लेथचा बेडही गंजला, मशीन वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. लीड एरर (दाताचा तिरकेपणा), रनआउट (गिअर हेलकावत फिरणं) यांत आमच्याकडे तरी फारसा फरक पडला नाही, हॉबिंग वाकडं तर गिअर चकचकीत वाकडा. दोन्ही बाजूंनी धातू जातो म्हणून बॅकलॅश (दातांमधला ढिलेपणा) वाढतो, तेवढा जादा धातू हॉबिंगलाच ठेवा.

आणि तो गाळ गटारात सोडू नका. या स्टीलमध्ये एक टक्क्याच्या वर क्रोमियम असतं, नायट्रेटच्या द्रावणात त्याचं घातक हेक्साव्हॅलंट रूप तयार होऊ शकतं. आमचा रांजणगावला घातक कचऱ्याच्या प्रकल्पात जातो, त्याचे पैसे वेगळे. ‘चालवायचा खर्च नाहीच’ म्हणे.

महिन्याला पाच-पन्नास गिअर करणाऱ्याने या भानगडीत पडू नये, ग्राइंडिंगवाल्याशीच घासाघीस करावी. रोजचा माल असेल तर घ्या, पण ऑर्डर देण्याआधी बायपास काढून आणि गेज लावून देण्याचं लेखी घ्या. आमच्याकडे एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बिल येऊन पडलंय. गेज, स्विच आणि टाक्यांचे पैसे त्यातून वजा झाल्याशिवाय मी सही करणार नाही, तसं त्यांना कळवलंय.