चेहरा वाचनाची कार्यशाळा: गेलात तर जेवून, दुपारनंतर जा

रविवार कारंज्याजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे, ३१ वर्षं झाली. पासपोर्ट, आधार, लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो. कॉलेज रोडला एका हॉलमध्ये ‘चेहऱ्यावरून माणूस ओळखा’ अशी एक दिवसाची कार्यशाळा आहे म्हटल्यावर बायको म्हणाली, “जा की, जन्मभर थोबाडंच बघताय, त्यावर काय लिहिलंय तेही कळू दे.” फी १,२०० रुपये, पुस्तिकेचे २०० वेगळे.

सकाळी कोटवाले सर. भिंतीवर तक्ता: कपाळ रुंद तो हुशार, गाल भरलेले तो उदार, भुवया जुळलेल्या तो बेभरवशाचा. समोर पंचवीसेक जण, त्यात मुलासाठी स्थळं बघणाऱ्या एक मावशी आणि सराफ बाजारातले एक शेठजी. “गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळलं पाहिजे,” हे त्यांचं येण्याचं कारण. नमुना म्हणून सरांनी नेमकं मलाच उभं केलं. माझ्या भुवया जन्मापासून जुळलेल्या. “पैशाच्या व्यवहारात यांच्याशी जपून,” सर सांगून मोकळे. मी जागेवर येऊन बसलो तर शेठजींनी खुर्चीखालची बॅग पायाने हळूच पलीकडे सरकवली. याच शेठजींचे हार आठ वर्षं मी त्यांच्या दुकानात बसून शूट करतोय, आणि तेवढ्यात ते खाली चहाला जातात!

जेवण ठीक. मठ्ठा चांगला होता.

दुपारी इतिहासाच्या एक प्राध्यापिका आल्या. विषय: जुने राजदरबार आणि चेहरा. आयोजकांना वाटलं असावं, मॅडम शास्त्राचं वजन वाढवतील. मॅडमनी सुरुवातच इंग्लंडच्या १५३१ च्या कायद्याने केली. चेहरा नाहीतर हात बघून नशीब सांगत फिरणाऱ्यांना त्यात चाबकाची शिक्षा होती. सर मोबाईलमध्ये बघायला लागले.

फटके रस्त्यावरच्यांना, दरबारात मात्र हेच खुशाल चालायचं. एलिझाबेथ राणीचा मंत्री रॉबर्ट सेसिल ठेंगणा होता, पाठीत बाक. राणी त्याला ‘पिग्मी’ म्हणायची, पुढचा राजा जेम्स ‘माझा छोटा बीगल’, म्हणजे शिकारी कुत्रा. कारभार दोघांचाही त्यानेच हाकला, १६०३ मध्ये जेम्सला गादीवर बिनबोभाट आणलं तेही त्यानेच. १६१२ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी त्याचा सख्खा मावसभाऊ फ्रान्सिस बेकन याचा शारीरिक व्यंगावरचा निबंध छापून आला. व्यंग असलेली माणसं निसर्गावर सूड उगवतात, असा सूर. हे चित्र कुणाचं, ते लंडनकरांनी लगेच ओळखलं. माणूस जिवंत असताना छापायचं होतं की!

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा किस्सा तर आमच्याच धंद्यातला. हा १४८५ मध्ये लढाईत मेला, गादी ट्यूडर घराण्याकडे गेली आणि त्या घराण्याच्या काळातल्या लेखकांनी त्याला वाळलेला हात चिकटवला. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्किंगखाली त्याचा सांगाडा मिळाला. कणा वाकडा खरा, हात मात्र धडधाकट. आम्ही रिटचिंगमध्ये डाग काढतो, यांनी घातले.

मग मॅडम आपल्याकडे वळल्या. १६६४ मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीतल्या एस्कॅलियट नावाच्या पाद्र्याने शिवाजी महाराजांचं वर्णन लिहून पाठवलं: उंची बेताची, बांधा ताठ, नजर तीक्ष्ण, बोलताना हसल्यासारखा चेहरा. पत्र गेलं थॉमस ब्राउन या डॉक्टरला, ज्याचा स्वतःचाच चेहरा-वाचनावर विश्वास. आणि पाद्र्याने महाराजांना पाहिलेलंच नव्हतं, पाहिलेल्यांकडून ऐकून लिहिलं! मॅडमनी हे सांगितल्यावर हॉलमध्ये दोन क्षण कुणी बोललं नाही.

मला राहवेना. मावशींना विचारून मोबाईलचा टॉर्च त्यांच्या हनुवटीखाली धरला. नाकाची सावली कपाळावर, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, मावशी थेट सिनेमातली खाष्ट सासू. तोच टॉर्च कानाच्या बाजूने थोडा वर धरला तर लगेच कुणाचीही लाडकी आजी. बायोडाट्याच्या फोटोचे १५० रुपये मी याचेच घेतो. “मग मी मुलींचे फोटो बघून काय ठरवतेय?” मावशी म्हणाल्या. सरांनी प्रश्नोत्तरं आटोपती घेतली.

मॅडमच्या दीड तासाला पाचपैकी पाच, बाकी दिवसाला एक. नुसतं दुपारचं सत्र ३०० रुपयांत ठेवलं तर मी पुन्हा जाईन, बायकोलाही नेईन.

पुस्तिका शेवटपर्यंत मिळाली नाही. प्रमाणपत्र मात्र व्हॉट्सॲपवर आलं, चौकटीत बसवायला माझा फोटो आडवा ताणलेला. गाल डबल झालेत. तक्त्याप्रमाणे आता मी उदार. तरी ते २०० रुपये मला परत हवेत.