‘तुमचा फोन सापडलाय’ असा मेसेज आला तर

कोल्हापूरचा माझा मावसभाऊ आणि वहिनी आमच्याकडे डिचोलीला आले होते. शुक्रवार होता, म्हणून म्हापशाचा बाजार दाखवायला नेलं. मयड्याची केळी, पाव, मसाले घेऊन पणजीच्या खासगी बसमध्ये चढलो. नेहमीची दाटी, कंडक्टरचं ‘फाटीं वच, फाटीं वच’ चालूच. पणजीत उतरलो तर वहिनींच्या पर्सची चेन उघडी आणि आयफोन गायब.

रिंग केली, दोनदा वाजला, मग बंद. यापुढचं सगळं मात्र रीतसर झालं. बँकेला कळवलं, सिम बंद केलं, पोलिसांत तक्रार देऊन शिक्क्याची प्रत घेतली. दादाच्या मोबाइलवरून वहिनींच्या ॲपल खात्यात जाऊन ‘लॉस्ट मोड’ लावला. त्यात हरवलेल्या फोनच्या पडद्यावर संपर्काचा नंबर दिसतो. तिथे दादाचा नंबर टाकला. ज्याला सापडेल तो फोन करील, ही आशा.

रविवारी सकाळी पातळभाजी-पाव खाताना दादाच्या त्याच नंबरवर मेसेज आला. तुमचा आयफोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडा. मॉडेल बरोबर, रंगही बरोबर. ‘एवढी माहिती कंपनीशिवाय कुणाला असणार?’ दादा म्हणाला. अहो, फोन ज्याच्या हातात आहे त्याला असणार! आणि दादाचा नंबर आम्हीच त्या पडद्यावर लिहून ठेवला होता. पण ताटावरून उठून सगळे मोबाइलभोवती जमले असताना हे कुणाला सुचतं?

लिंकवरचं पान हुबेहूब ॲपलचं. वहिनींनी आयडी आणि पासवर्ड भरला. चक्र फिरलं, पुन्हा प्रयत्न करा म्हणालं. माझ्या मुलीने पत्ता वाचला: सुरुवातीला ॲपलचं नाव, पण शेवट भलताच. तोपर्यंत खऱ्या खात्यातल्या यादीतून फोन नाहीसा झाला होता.

चोराला हा खटाटोप कशाला, तर कुलूपबंद आयफोन फक्त सुट्या भागांच्या भावाने जातो. मालकाच्या पासवर्डने तो खात्यातून काढला की ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ सुटतं आणि पूर्ण किंमत येते. ओटीपीही लागत नाही. फोनच हरवलेला असताना कोड येणार कुठे, म्हणून फोन शोधायच्या पानावर नुसत्या पासवर्डने जाता येतं. सोय मालकासाठीच आहे, पण चोरालाही तीच पुरते. काही बनावट पानं लॉक स्क्रीनचा कोडही मागतात. तो दिला तर फोन आतूनच उघडतो.

तेव्हा लॉस्ट मोडमध्ये नंबर खुशाल टाका, पण त्या नंबरवर आलेली लिंक उघडू नका. फोन कुठे आहे ते स्वतः ॲपलच्या ‘फाइंड माय’ या फोन शोधायच्या सोयीत जाऊन बघा. आणि कुणीही सांगितलं तरी हरवलेला फोन त्या यादीतून काढू नका.

आता उरलेलं. वहिनींनी पासवर्ड लगेच बदलला. पैसे गेले नव्हते, गेले असते तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करण्याची सोय मे २०२३ पासून देशभर आहे. त्यासाठी तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपी येईल असा नंबर लागतो. नवं सिम शनिवारी मिळालं, पण बदललेल्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत, म्हणून ओटीपीसाठी दादाचाच नंबर दिला. आयएमईआय फोनच्या खोक्यावर, आणि खोकं कोल्हापूरला कपाटात! शेजारच्या काकूंनी किल्लीने घर उघडून फोटो पाठवला, तेव्हा अर्ज गेला. प्रवासाला निघण्यापूर्वी *#०६# दाबून येणारा तो आकडा घरातल्या दुसऱ्याच्या फोनमध्ये ठेवला असता, तर हा अर्ज चोराच्या मेसेजआधीच गेला असता.

गेल्या आठवड्यात दादाला आणखी एक फोन आला. म्हापशाहून पोलीस बोलतोय, मोबाइल मिळालाय, कुरिअरचे दोन हजार पाठवा. दादा म्हणाला, ‘माझी बहीण डिचोलीलाच असते, ती चौकीवर येऊन घेऊन जाईल. नाव सांगा तुमचं.’ फोन कट. तो नंबर आम्ही संचार साथीच्या ‘चक्षू’वर, म्हणजे संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या सोयीवर, कळवला आहे.