आधीच सगळं विचारून ठेवावं, की लागेल तेवढंच? डेटाबेस आखायला बसलेल्यांसाठी

नवा डेटाबेस आखायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं असतं, माणूस समोर आहे तोवर सगळं विचारून घ्या, पुढेमागे लागेल. दुसरी बाजू म्हणते, आज ज्याचं काम आहे तेवढंच घ्या, बाकीचं गरज पडेल तेव्हा बघू. मी दोन्ही करून पाहिलंय, आणि तेही एकाच वाचनालयासाठी. २०१३ मध्ये सदस्यांचं जे टेबल (नोंदींचा तक्ता) केलं त्यात ३४ कॉलम, म्हणजे रकाने, होते. २०१९ मध्ये तेच काम नव्यानं केलं तेव्हा ११ ठेवले. तुमचं काम वेगळ्या जातीचं असेल तर तुमचा कौल वेगळा पडू शकतो, हे आधीच मान्य करतो.

पहिल्या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्यामागे अनुभव असतो. एकदा फॉर्म भरून माणूस निघून गेला की त्याला पुन्हा गाठणं किती जिकिरीचं असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. हजारो लोकांना फोन करून एक राहिलेली गोष्ट विचारण्यापेक्षा सुरुवातीलाच एक रकाना जास्त ठेवलेला बरा, असं वाटणं साहजिक आहे. शिवाय पूर्वी एक तांत्रिक भीतीही खरी होती. मोठ्या टेबलात नंतर कॉलम घालायचा तर अख्खं टेबल नव्यानं लिहिलं जायचं आणि तोवर काम अडायचं. म्हणून जुनी मंडळी आधीच चार कॉलम राखून ठेवायची.

ती भीती आता बरीचशी गेली आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ११ व्या आवृत्तीत ठरावीक डिफॉल्ट किंमत (काही न भरल्यास आपोआप पडणारी) असलेला कॉलमही टेबल पुन्हा न लिहिता जोडता येऊ लागला, आणि मायएसक्यूएल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ८.०.१२ या आवृत्तीपासून कॉलम जवळजवळ तत्काळ जोडला जातो. दोन्ही आवृत्त्या २०१८ च्या. ‘नंतर कॉलम घालणं अवघड’ हे कारण कुणी पुढे केलं तर ते कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतायत हे जरूर विचारा. जुन्या नोंदींत तो कॉलम रिकामा राहतो, ही अडचण मात्र खरी आहे, तिच्याकडे येतोच.

मला पहिल्या पद्धतीपासून तोडलं ते एका रकान्यानं. जन्मतारीख.

ती सक्तीची होती, म्हणजे भरल्याशिवाय नोंद सेव्हच व्हायची नाही. कुणी मागितली होती? कुणीच नाही. सदस्य म्हटलं की जन्मतारीख असायचीच, एवढ्याच आधारावर मी ती घातली होती. आता संध्याकाळची वेळ डोळ्यांपुढे आणा. काउंटरवर रांग लागलीय. एक मुलगी वडिलांचं कार्ड काढायला आलीय, फॉर्मवर जन्मतारखेची जागा कोरी आहे आणि तिला वडिलांचं फक्त साल आठवतंय, तेही अंदाजानं. काउंटरवरच्या ताई काय करणार? त्या ०१/०१ टाकून ते साल टाकायच्या. सालही माहीत नसेल तर १९७०, कारण कॅलेंडर तिथेच उघडायचं. यात त्यांचं काहीही चुकलं नाही. रांग पुढे सरकवणं हे त्यांचं काम होतं, आणि ‘माहीत नाही’ हे खरं उत्तर द्यायला मी त्यांना जागाच ठेवली नव्हती.

तीन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग समितीनं ठरवलं की साठी ओलांडलेल्या सदस्यांना वर्गणीत सवलत द्यायची. जन्मतारीख आहेच म्हटल्यावर मी पाच मिनिटांत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून यादी काढून दिली. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. वर्षानुवर्षं येणारी पिकल्या केसांची माणसं यादीत नव्हती, कारण टेबलाच्या हिशेबी ती १९७० ची होती. मी १ जानेवारीच्या सगळ्या नोंदी काढून पाहिल्या, तर पानंच्या पानं भरली. पण खरा वैताग त्यापुढचा होता. त्या पानांवर काही माणसं खरोखरच १ जानेवारीला जन्मलेली असणार, आणि ती कोणती हे सांगायला काहीच उपाय नव्हता. खोट्या तारखांनी त्यांच्या शेजारच्या खऱ्या तारखाही निकामी करून टाकल्या होत्या. रकाना रिकामा असता तर निदान रिकामा आहे हे दिसलं तरी असतं. भरलेला रकाना मात्र खरा आणि खोटा अगदी सारखाच दिसतो.

निस्तरायला दोन महिने गेले. काउंटरवर येईल त्या प्रत्येकाला पुन्हा विचारावं लागलं, म्हणजे जी मेहनत वाचावी म्हणून आधी सगळं घेतलं होतं तीच दुप्पट करावी लागली.

सक्ती काढून टाकली असती तर? तेही करून पाहिलं, व्यवसायाच्या रकान्यावर. तिथे निराळाच गोंधळ झाला. ‘ज्यांचा व्यवसाय शिक्षक नाही असे सदस्य’ अशी क्वेरी चालवली की ज्यांचा रकाना रिकामा आहे ते सगळे गळतात. कारण एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, नलची (रिकाम्या रकान्याच्या खुणेची) तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येत नाही, ‘अज्ञात’ येतं, आणि क्वेरीतल्या व्हेअर या अटीच्या गाळणीतून फक्त ‘हो’ पुढे जातं. सरासरी काढली तर रिकाम्या नोंदी गुपचूप बाजूला पडतात. बरं, रिकामा म्हणजे नेमकं काय? विचारलंच नाही, विचारलं पण सांगितलं नाही, की त्या माणसाला ते लागूच नाही? माहिती टेबलांत मांडायच्या रिलेशनल मॉडेलचा जनक कॉड यानं १९७० मध्ये मूळ मांडणी केली, १९८५ च्या बारा नियमांत अनुपस्थित माहितीसाठी स्वतंत्र नियम ठेवला आणि पुढे ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ यांच्यासाठी दोन वेगळ्या खुणा असाव्यात असंही सुचवलं. रोजच्या एसक्यूएलमध्ये मात्र आपल्या हाती एकच नल येतो. थोडक्यात, ऐच्छिक कॉलम फुकट येत नाही. डिस्कवर त्याची जागा नगण्य असते, पण क्वेरी लिहिणाऱ्याला दर वेळी त्याचा वेगळा विचार करावा लागतो, आणि एखाद्या वेळी तो राहतोच.

आता दुसरी पद्धत. २०१९ मध्ये मी उलट्या टोकापासून सुरुवात केली. टेबलाचा विचार बाजूला ठेवला आणि आधी समितीकडून तीन गोष्टी गोळा केल्या. वर्षभरात कोणते रिपोर्ट निघतात, सदस्यांना कोणती पत्रं आणि मेसेज जातात, आणि काउंटरवर कोणते निर्णय घ्यावे लागतात. मग कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: माहिती, ती कोण बघणार, आणि ती बघून काय बदलणार. जुन्या ३४ कॉलमांची नावं पहिल्या रकान्यात लिहून काढली. तिसरा रकाना भरता आला नाही तर तो कॉलम नाही, एवढाच नियम ठेवला.

शिक्षण, व्यवसाय, रक्तगट वगैरे खोगीरभरती पहिल्या अर्ध्या तासातच गेली. पत्त्यावर बरीच चर्चा झाली. सूचना तर मेसेजवर जातात, मग पत्ता कशाला? पण पुस्तकं परत आली नाहीत तर घरी पत्र पाठवावं लागतं, म्हणून तो राहिला. खरं शिकायला मिळालं ते ओळखपत्राच्या बाबतीत. आधी आम्ही ओळखपत्राची प्रत स्कॅन करून ठेवायचो. कागदावर लिहिताना लक्षात आलं की ती प्रत पुन्हा कुणी उघडतच नाही. हवं असतं ते एवढंच, की कुणीतरी ओळखपत्र पाहून खात्री केली आहे. म्हणून प्रतीऐवजी ‘ओळखपत्र पाहिलं ती तारीख’ आणि ‘कुणी पाहिलं’ असे दोन छोटे कॉलम आले. जन्मतारखेचंही तसंच झालं. प्रश्न होता सवलत लागू आहे का, तर तेवढंच ठेवलं, पुरावा पाहून. तुमच्याकडे सवलत आपोआप सुरू व्हायची असेल तर बहुधा जन्मसाल पुरेल. ‘घ्यायचं की नाही’ एवढ्यावर थांबू नका. तीच गरज याहून कमी माहितीत भागते का, तेही बघा.

हे फक्त नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांवरून संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं होतं, की पाच अंकी पिन, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तीनच गोष्टींवरून तिथल्या ८७ टक्के लोकांना एकमेव म्हणून वेगळं काढता येण्याची शक्यता आहे. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कमी आला, तरी मुद्दा तोच राहतो. माझ्या जुन्या टेबलात या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या, नाव असलेल्या रकान्याला लागून, आणि त्यातल्या दोन कुणालाही नको होत्या. कायद्यानंही हेच धरलंय. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू झाला. वैयक्तिक माहिती ही उद्देशाला पुरेशी, संबंधित आणि आवश्यक तेवढीच असावी, असं त्याचं पाचवं कलम सांगतं. कार्डानं पैसे घेणाऱ्यांच्या सुरक्षा नियमांत तर व्यवहार मंजूर झाल्यावर कार्डामागचा सुरक्षा कोड साठवायलाच बंदी आहे, एन्क्रिप्ट करूनही नाही. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही, आणि त्याच्या बॅकअपची काळजीही करावी लागत नाही.

पण दुसऱ्या पद्धतीनं मलाही एकदा अडकवलं, ते सांगायलाच हवं. कमी कॉलमांच्या भरात मी सदस्यत्वाची स्थिती एकाच कॉलममध्ये ठेवली, ‘चालू’ किंवा ‘बंद’. वर्षभरानं समितीनं विचारलं की वर्षाच्या कोणत्या काळात सदस्य जास्त सोडून जातात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘बंद’ असं दिसत होतं, केव्हापासून ते नाही. वर्गणीतही तीच चूक झाली. पावतीवरची रक्कम मी दरांच्या टेबलातून घेत होतो. दर बदलला आणि जुन्या पावत्या पुन्हा छापल्यावर नवा आकडा दाखवायला लागल्या. ही माहिती नंतर कुणाला फोन करूनही मिळत नाही. ती वेळ निघून गेलेली असते.

तेव्हापासून मी दोन जाती वेगळ्या मानतो. माणसाला विचारून मिळणारी माहिती आणि कामाच्या ओघात आपोआप घडणारी माहिती. पहिली लागेल तेव्हा पुन्हा विचारता येते, म्हणून तिथे हात आखडता ठेवावा. दुसरी, म्हणजे केव्हा झालं, त्या दिवशी रक्कम किती होती, आधीची स्थिती काय होती, ही त्या क्षणीच नोंदवली तर मिळते. शिवाय तिच्यासाठी कुणाला एक अक्षर जास्त भरावं लागत नाही. ‘सगळं ठेवा’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला इथे पटतं. माझ्या ११ कॉलमांच्या शेजारी आता बदलांचं एक वेगळं टेबल आहे.

मधला मार्ग म्हणून एक ‘इतर माहिती’ नावाचा जेसन कॉलम, म्हणजे ज्यात हवी ती माहिती तिच्या नावासकट ठेवता येते असा रकाना, ठेवावा, असं हल्ली बरेच जण सुचवतात. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी जेसनबी हा प्रकार २०१४ पासून आहे आणि उत्तम चालतं. बाहेरच्या यंत्रणेकडून येणारं, आकार बदलत राहणारं काही असेल तर जरूर वापरा. पण ‘काय लागेल ते ठरत नाही’ म्हणून ठेवलात तर ती अडगळीची खोली होते. माझ्याकडे एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या नावांनी जाऊन बसली होती.

मग निवडायचं काय? तुम्ही यंत्रांकडून येणारी मोजमापं साठवत असाल, किंवा असं संशोधन असेल की प्रश्नच अजून ठरायचे आहेत आणि तेच लोक पुन्हा भेटणार नाहीत, तर जास्त घ्या. तिथे मी हुज्जत घालणार नाही. पण माणसं फॉर्म भरतायत आणि ती पुन्हा तुमच्याकडे येणार आहेत, अशी नोंदणी असेल, तर मी कमीच घ्या म्हणेन. नवा कॉलम लागलाच तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी विचारायचा. आमच्याकडे मेसेजची भाषा हा कॉलम असाच नंतर आला आणि एका वर्षात बहुतेक भरला. तोही नीट, कारण विचारणाऱ्या ताईंना तो कशासाठी आहे हे सांगता येत होतं. जन्मतारखेबद्दल त्यांना कधीच सांगता आलं नव्हतं.

आधीच ३४ कॉलम घेऊन बसला असाल तर एका झटक्यात उडवू नका. आधी सक्ती काढा. मग फॉर्मवरून रकाना काढा, टेबलात राहू द्या. रिपोर्टांचं एक पूर्ण वर्ष जाऊ द्या आणि कुणी तो मागतं का बघा. नाही मागितला तर कॉलम काढा. फक्त हे ध्यानात असू द्या की पोस्टग्रेसमध्ये कॉलम काढला की तो दिसेनासा होतो, पण जुन्या ओळी पुन्हा लिहिल्या जाईपर्यंत आतली माहिती डिस्कवर राहते. त्यामुळे माहिती नाजूक असेल तर टेबल नव्यानं लिहून घ्या, आणि जुने बॅकअप केव्हा नष्ट करायचे ती तारीखही त्याच दिवशी ठरवा.